झिजलेला काना



दोन-अडीच महिने इथे काही लिहिलं नाही. धाकट्या जाऊबाईंचा फोनही येऊन गेला, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" म्हणून. तब्येत ठणठणीत आहे (गुडघे सोडून!). न लिहिण्याचं कारण वेगळंच होतं. मी आणि माझी नात मिळून एक काम करत होतो. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या मास्तरीणबाईने हे काम करावं, यावर माझाच विश्वास बसत नव्हता. आम्ही संगणकाला फाइली ओळखायला शिकवत होतो.

आता सुरुवातीपासून सांगते.

आमच्या यांनी २००२ साली घरी संगणक घेतला. हे कोर्टात कारकून. सगळी नोकरी मराठी टंकलेखन यंत्रावर, रेमिंग्टनच्या कळफलकावर गेली. पुढे ऑफिसात संगणक आले आणि त्यावर 'कृतिदेव' नावाचा फाँट आला. त्याची अक्षरं टंकलेखन यंत्राच्याच क्रमाने बसवलेली असल्यामुळे यांना नवीन काही शिकावं लागलं नाही. घरच्या संगणकावरही तोच फाँट. वर्डमध्ये लिहिलं की प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ यायची, कारण वर्डला ते चुकीचं इंग्रजी वाटायचं. तीस वर्षं बिनचूक टंकलेखन केलेल्या माणसाला लाल रेघ कशी सहन होणार? म्हणून हे साध्या नोटपॅडमध्ये लिहायचे. कळफलकाच्या प्रत्येक इंग्रजी कळीवर यांनी कागदाचे चौकोन कापून, त्यावर बारीक अक्षरात मराठी अक्षरं लिहून, वर सेलोटेप लावून चिकटवले होते. स्वतःसाठी नव्हेत, यांची बोटं डोळे मिटूनही चालायची. ते माझ्यासाठी होते. मी काही शिकले नाही. "तुम्ही लिहिताय ना, मग झालं," म्हणायची.

२०१५ साली हे गेले. दोन वर्षांनी संगणकही गेला. इथल्या एका दुकानातल्या मुलाने हार्डडिस्कमधून निघेल तेवढं काढून एका पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि डिस्क आता कामाची नाही म्हणून सांगितलं. ती भंगारात गेली. पेनड्राइव्हवर साडेतीन हजारांच्या वर फाइली होत्या, पण एकीलाही नाव नव्हतं, नुसते आकडे. काही फोटो होते ते उघडले. बाकीच्यांपुढे 'टेक्स्ट' असं लिहिलेलं. उघडून पाहिलं तर व्ही, के, जी, एस अशी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी, मध्येच कंस, मध्येच स्वल्पविराम. मला वाटलं, हे संगणकाच्या पोटातलं काहीतरी असणार, आपल्याला त्याचा काय उपयोग?

त्याच सुमारास भाच्याच्या मुलाची मुंज झाली. मुंजीचे फोटो ठेवायला जागा हवी होती. एका दुपारी बसून मी त्या खिचडीतल्या तीनशेच्या आसपास फाइली डिलीट केल्या. स्वच्छता केल्याचं समाधानसुद्धा वाटलं, आता काय सांगू!

*

गेल्या दिवाळीत नात घरी आली होती. ती पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला इथे चिऊच म्हणते, खरं नाव लिहिलं तर रागावेल. मी विचारलं, "सध्या काय काम चाललंय गं?" माझी अपेक्षा अशी की नेहमीसारखं काहीतरी सांगेल, मी मान डोलावीन आणि चहा टाकीन. पण ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे हजारो जुन्या फाइली आल्यात. कुठली कशाची आहे तेच कळत नाही. ती ओळखणारी एक लायब्ररी आहे, तिच्यात सुधारणा करतेय."

लायब्ररी म्हटल्यावर माझे कान टवकारले. पण ही पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरावा असा तयार कोड म्हणजे लायब्ररी. वाचनालयासारखंच आहे की, प्रत्येकाने पुस्तक विकत घ्यायला नको, एकाने आणावं आणि सगळ्यांनी वाचावं.

"पण फाइलीच्या नावापुढे टिंब देऊन लिहिलेलं असतंच ना, पीडीएफ, जेपीजी वगैरे?" मी माझं ज्ञान पाजळलं.

"ते डब्यावरचं लेबल झालं, आजी. आत काय आहे ते लेबलवरून थोडंच ठरतं?"

हे मला लगेच पटलं. आमच्या घरात डालड्याच्या डब्यात रवा असायचा, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा आणि औषधाच्या बाटलीत लवंगा. पाहुणी आली की तिला स्वयंपाकघरात काही सापडत नसे. मला मात्र झाकण उघडायच्या आधी, नुसता डबा हलवला की कळायचं. चिऊची लायब्ररी तेच करते. लेबल न वाचता झाकण उघडते आणि वरचा चमचाभर ऐवज बघते.

कारण बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या तोंडाशीच एक खूण असते. पीडीएफ फाइलीची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी होते. पीएनजी चित्राच्या पहिल्या बाइटनंतर 'पीएनजी' अशी अक्षरंच असतात. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते, ती म्हणजे हा प्रकार तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. विंडोजचे प्रोग्राम 'एमझेड'ने सुरू होतात, ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याची. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती ना, तसंच! आणि गंमत म्हणजे आजकालची वर्डची डॉकएक्स फाइल आतून झिपच असते. नुसतं तोंड बघून 'झिप' म्हणाल तर फसाल, आणखी थोडं आत शिरून बघावं लागतं.

या खुणांना त्या लोकांनी 'मॅजिक' म्हणजे जादू असं नाव दिलंय. ज्या प्रोग्रामात हे सगळं चालतं त्याचं नाव नुसतं 'फाइल', आणि त्याच्या लायब्ररीचं 'लिबमॅजिक'. 'फाइल' ही आज्ञा युनिक्समध्ये निदान नोव्हेंबर १९७३पासून आहे. हे ऐकून मी उडालेच, कारण माझी पहिली नेमणूक १९७३चीच! पुढे ओळखायच्या खुणांची यादी प्रोग्रामातून बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवायची सोय झाली. त्यामुळे काम थोडं मंदावलं, पण कोणालाही यादीत भर घालता यायला लागली. १९८६-८७च्या सुमारास इयान डार्विन यांनी हा प्रोग्राम सर्वांना फुकट मिळेल असा स्वतंत्रपणे नव्याने लिहिला. १९९०च्या दशकापासून क्रिस्टोस झूलास त्याची निगा राखतात. एवढी वर्षं एकच वही कोणीतरी नीट ठेवतंय, दुरुस्त करतंय, याचं मला फार अप्रूप वाटलं. हजेरीपटसुद्धा वर्षावर्षाला बदलतो.

*

चिऊने मग एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२००८-०९च्या सुमारास उबुंटू वापरणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीची तक्रार होती की ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही. इतर दिवशी होते, मंगळवारी नाही! आपल्याकडे कोणी असं म्हटलं असतं तर मंगळाची शांत करून घ्या असं सांगणारे चारजण निघाले असते. त्या गृहस्थांनाही ते खरं वाटलं नाही. पण खरंच मंगळवारी कागद निघेना.

शोधता शोधता दोष सापडला तो या 'फाइल' प्रोग्रामात. छपाईला पाठवलेल्या फाइलीच्या वरच्या भागात ती तयार झाल्याची तारीख असते, आणि तारखेत वाराचं नाव तीन इंग्रजी अक्षरांत. खुणांच्या यादीत एरलांग नावाच्या संगणकभाषेच्या एका जुन्या फाइलप्रकाराची खूण होती, ती म्हणजे १९९१ सालच्या एका मंगळवारची पूर्ण तारीख. पण नियम लिहिताना मधल्या मोकळ्या जागा ज्या पद्धतीने लिहायला हव्या होत्या तशा लिहिल्या गेल्या नव्हत्या. त्यामुळे प्रोग्रामाने पहिला शब्द तेवढाच धरला, 'मंगळ', आणि बाकीचं सोडून दिलं. झालं! मंगळवारी छापायला आलेलं पत्र बघून प्रोग्राम म्हणायचा, हे पत्र नाहीच, ही एरलांगची फाइल. आणि छपाईयंत्र ती घ्यायचं नाही.

मी पोट धरून हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हसू आलं नाही. पहिली खूण जुळली की पुढे बघायचंच नाही, ही सवय काय फक्त यंत्रालाच आहे?

*

दुसऱ्या दिवशी मी गोदरेजच्या कपाटातून तो पेनड्राइव्ह काढून तिला दिला. म्हटलं, "तुझी ती जादू यावर चालव बघू."

चित्रं, गाणी, पीडीएफ भराभर वेगळे झाले. उरलेल्या कित्येक फाइलींपुढे मात्र उत्तर आलं: साधा इंग्रजी लिपीतला मजकूर. चिऊने त्यातली एक उघडली आणि बघतच राहिली. "आजी, आबा कुठला फाँट वापरायचे?"

तेव्हा मला उलगडा झाला. म्हणजे तोपर्यंत झाला नव्हता, हे कबूल करते.

झालं होतं ते असं. आज आपण युनिकोडमध्ये मराठी लिहितो. त्यात 'क'ला जगभर एकच क्रमांक आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे क, काना, अनुस्वार, प्रत्येकी तीन बाइटचं. पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५. त्यामुळे यंत्राला देवनागरी लांबूनही ओळखू येते. पण त्याआधी कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, आयएसएम असे ज्याचे त्याचे फाँट होते. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की फाइलीत प्रत्यक्षात उतरतं ई, जे, के, मोठा बी, एच. 'आई' लिहिलं की व्ही, के, बी, मोठा झेड. डोळ्यांना मराठी दिसतं ते फक्त फाँटच्या चष्म्यामुळे. नोटपॅडच्या साध्या फाइलीत फाँटचं नावसुद्धा राहत नाही. चष्मा हरवला की उरते खिचडी.

म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. अक्षरं इंग्रजीच होती. त्यातला माणूस मराठी होता.

अशा मजकुराला तोंडाशी काही खूण नसते. भांड्यावर नाव असतं, पण भांड्यातल्या पाण्यावर कसं असणार? साधा मजकूर ओळखणं या लायब्ऱ्यांना म्हणूनच जड जातं. गूगलने फेब्रुवारी २०२४मध्ये 'मॅजिका' नावाचं एक साधन सर्वांसाठी खुलं केलं. ते खुणांच्या यादीवर चालत नाही, असंख्य फाइली बघून बघून शिकलेलं आहे आणि शंभराहून अधिक प्रकार ओळखतं. पण चिऊचं म्हणणं, आपल्याकडच्या जुन्या फाँटसाठी आपण स्वतःच नियम लिहिलेला बरा.

"आजी, मराठीत सगळ्यात जास्त काय येतं?"

या प्रश्नाचं उत्तर माळ्यावर होतं. मी तिला वर चढायला लावलं आणि यांचा जुना कळफलक काढून आणायला सांगितला. चौकोन अजून चिकटलेले होते. बहुतेक अक्षरं वाचता येत होती. पण 'के'च्या कळीवरचा चौकोन पुरता झिजला होता, सेलोटेपसकट. त्यावर काना होता. कृतिदेवमध्ये 'के' म्हणजे काना, आणि नुसता काना नव्हे, ण, श, ध, ख, भ, थ या अक्षरांचा उभा दांडाही त्याच कळीने येतो. तेरा वर्षं यांचं उजवं मधलं बोट त्या कळीवर पडत राहिलं होतं. चिऊ कळफलक मांडीवर घेऊन बराच वेळ नुसती बसली. मग म्हणाली, "आबांनीच नियम लिहून ठेवलाय."

तर पहिला नियम असा झाला: ज्या मजकुरात 'के' हे अक्षर अवाच्या सवा येतं तो कृतिदेव समजायचा. चालवून पाहिला, भराभर फाइली निघाल्या! आम्ही दोघींनी टाळ्या दिल्या. मग चिऊने तोच नियम इतर, खऱ्या इंग्रजी फाइलींवर चालवला, कारण नवीन नियम आला की जुनं काही बिघडलं नाही ना हे बघावंच लागतं. त्यात माझीच एक फाइल सापडली. स्वेटर विणायचं इंग्रजी वर्णन, मी कधीतरी उतरवून घेतलेलं. 'के २, पी २, के २, पी २'. दोन सुलट, दोन उलट! आमच्या नियमाने त्याला छातीठोकपणे मराठी ठरवलं होतं. आमचाही मंगळवार झाला म्हणायचा.

मग मी बाई झाले. म्हटलं, अक्षरं मोजू नकोस, शब्द बघ. शेकडो निबंध तपासलेत मी, मराठीच्या कुठल्याही पानावर 'आहे', 'नाही' आणि 'आणि' असणारच. कृतिदेवमध्ये 'आहे' म्हणजे व्ही, के, जी, एस, आणि 'नाही' म्हणजे यू, के, जी, एच. इंग्रजीत असे शब्द चुकूनही यायचे नाहीत. हिंदीतही कृतिदेव भरपूर वापरतात, पण तिथे 'आहे' कुठून येणार, तिथे 'है'. तीनपैकी निदान दोन शब्द सापडले तर कृतिदेव मराठी, असा दुसरा नियम केला. स्वेटर सुटला.

पण यांच्या किराणाच्या याद्या अडकल्या. यादीत क्रियापद नसतंच. "साखर ५ किलो, तूरडाळ २ किलो" यात 'आहे' कुठे असणार? मग 'किलो' घेतला. पण किलो हिंदीतही किलोच. त्यावर चिऊने असं ठरवलं की तिथे यंत्राने "कृतिदेव, भाषा नक्की नाही" एवढंच सांगायचं. मला हे फार आवडलं. जेवढं कळलं तेवढंच बोलायचं. आणि मूळच्या 'फाइल' प्रोग्रामालाही ही रीत आहे. कुठलीच खूण जुळली नाही की तो फक्त 'डेटा' म्हणतो. काहीतरी आहे, काय ते मला सांगता येत नाही. 'काही नाही' असं तो म्हणत नाही.

*

आता जे लिहितेय ते चिऊलाही त्या दिवशीच पहिल्यांदा सांगितलं.

१९७३ साली मी धारणी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत रुजू झाले. मेळघाटचा भाग. अमरावतीच्या कॉलेजात शिकलेली, बावीस वर्षांची, प्रमाण मराठीचा भलता अभिमान असलेली मी. वर्गात बहुतेक मुलं कोरकू. पहिलीतला एक मुलगा काही विचारलं की काहीतरी पुटपुटायचा, मला ते शब्दच वाटायचे नाहीत. एके दिवशी बाहेर बोट दाखवून "डा, डा" म्हणत राहिला. मी त्याला खाली बसवलं. पुन्हा उठला, पुन्हा बसवलं. त्याच्या प्रगतीपुस्तकात मी शाईने लिहिलं, "बोबडा. समज कमी."

दुपारी शाळेच्या शिपायाने मला सांगितलं, "बाई, 'डा' म्हणजे पाणी. पोरगं तहानलं होतं."

मुलगा भाषा बोलत होता. स्वच्छ बोलत होता. चष्मा माझ्याकडे नव्हता. त्या दिवसापासून मी शिपायाकडून कोरकू शब्द लिहून घ्यायला लागले, वहीभर झाले होते. पण प्रगतीपुस्तकातली ती ओळ मी खोडली नाही. शाईची नोंद खोडली तर वरिष्ठ विचारतील, ही भीती. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्या कागदावर बाईंच्या अक्षरात त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते तसंच राहिलं.

मी सांगून संपवलं तेव्हा चिऊ काही बोलली नाही. चहा टाकायला उठली.

*

तर, मंडळी, पेनड्राइव्हवरून यांच्या दोनशे बारा फाइली निघाल्या. अक्षरं युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम असतो, त्यातून त्या काढल्या. पहिली वेलांटी आणि रफार इकडेतिकडे उड्या मारत होते. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये नंतर येते. ते मी लाल पेन घेऊन, छापील कागदांवर, जुन्या सवयीने तपासलं.

काय होतं त्यात? शेजाऱ्यापाजाऱ्यांना लिहून दिलेले अर्ज. वर्षानुवर्षांचा किराणा. नळाच्या पाण्याबद्दल वर्तमानपत्राला लिहिलेली सहा पत्रं, त्यातलं एकही छापून आल्याचं मला आठवत नाही. आणि एक मालिका: 'माझ्या आठवणी', भाग क्रमांक घालून. हे असं काही लिहीत होते हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

भाग १ ते ४ सापडले. लहानपण, वडिलांची दुसरेपणाची शेती, टंकलेखनाची परीक्षा, पहिली नोकरी. चौथ्या भागाची शेवटची ओळ आहे, "पुढील भागात धारणी." त्यानंतर थेट भाग ९. त्याची सुरुवात १९७९ साली आमची मुलगी झाली तिथून. ९ ते १४ सगळे आहेत.

५ ते ८ नाहीत. धारणीची वर्षं. आमची ओळख झाली, लग्न झालं, तापीच्या पुरात आठवडाभर अडकलो, ती सगळी वर्षं यांनी कशी पाहिली, ते त्या चार फाइलींत होतं. त्या शाळेतल्या मुलाबद्दल मी यांना तेव्हा सांगितलं होतं का, यांनी ते लिहिलं होतं का, आता कळायला मार्ग नाही. चिऊने डिलीट झालेल्या फाइलीही धुंडाळल्या. अकरा मिळाल्या, त्या दोनशे बारातच धरल्या आहेत. बाकीच्यांच्या जागी मुंजीचे फोटो बसलेत. बटू छान दिसतोय, त्याचा काय दोष?

चिऊने मला एका शब्दानेही दुखवलं नाही. उलट एक गोष्ट केली. अशा लायब्ररीत प्रत्येक नियमाबरोबर एक नमुना फाइल ठेवतात. पुढे कोणी काही बदललं की आधी सगळे नमुने पुन्हा ओळखून दाखवायचे, एक जरी चुकला तरी बदल परत. तिच्या कामातल्या लायब्ररीत या नियमाचा नमुना म्हणून तिने, मला विचारून, यांचं एक पान ठेवलंय. नळाच्या पाण्याचं पत्र. "आजी, आता हे पत्र रोज कोणीतरी वाचणार," म्हणाली. वर्तमानपत्राने नाही वाचलं, यंत्र तरी वाचेल!

नातेवाईक मंडळींना एक विनंती आहे, म्हणून हे सगळं लिहिलं. तुमच्या घरी जुन्या फ्लॉपी, सीडी, पेनड्राइव्ह पडले असतील, आणि उघडल्यावर व्ही के जी एस अशी खिचडी दिसत असेल, तर टाकू नका. त्यात कोणाचे तरी 'आहे' आणि 'नाही' असतील. मला कळवा, मी चिऊला सांगते. श्रीलिपी आणि आकृतीचे नियम अजून व्हायचेत, त्यासाठी नमुने हवेत.

आणि हो, पुढचे काही आठवडे इथे पुन्हा उशीर होईल. भाग ५ मी लिहायला घेतलाय. यांच्यासारखा नाही जमायचा, आणि यांनी पाहिलेली धारणी मला दिसलेली नाही. पण माझी आहे ना. पहिलं प्रकरण त्या मुलाचं लिहितेय, आणि त्यात ती प्रगतीपुस्तकातली ओळ खोडते आहे, शाईने. सगळं युनिकोडमध्ये, काळजी नसावी.